बासूची दगडी चाळण

आमच्या डोंगराच्या पायथ्याशी दगड फोडून पोट भरणारे पन्नास तरी असतील. पण बासू उ-हद्दूचं नाव निघालं की हमरस्त्यावरचे दुकानदार आधी हसतात आणि मग गप्प होतात. हसतात, कारण अख्ख्या मुलखात लंगडे किडे विकणारा तो एकटाच. गप्प का होतात ते सांगतो, जरा दम धरा.

आमच्या दगडात किडे आहेत. साधेसुधे नाहीत. माणूस, उंट, खजूर यांतलं काहीच नव्हतं आणि इथे सगळा समुद्र होता, तेव्हाचे. सांध्यासांध्यांच्या पायांचे, खेकड्या-विंचवांचे खापरपणजोबा म्हणा ना. कुणी बोटाएवढे, कुणी माणसाएवढे. फरशीसारखा मऊ, हिरवट दगड छिन्नीने उलगडला की आत तांबूस गंजाच्या रंगात तो प्राणी पडलेला दिसतो, जणू कुणी मेंदीने काढून ठेवलाय. हे दगड लांबलांबचे लोक येऊन घेऊन जातात. आणि घेणाऱ्याला काय हवं असतं? अखंड हवा असतो! शेपूट हवी, काटे हवेत, दोन्ही डोळे हवेत. मग दुकानदार करतात काय, एकाची शेपूट, दुसऱ्याचं डोकं, मध्ये दगडाची भुकटी नि गोंद, वरून चहाच्या पाण्याचा हात. झाला अखंड! आमच्याकडे याला कुणी खोटं म्हणत नाही. 'पुरा करणं' म्हणतात.

बासूही तरुणपणी हेच करायचा आणि फार सफाईने करायचा. शहरातल्या एका कारखान्यात तो सहा वर्षं होता. त्याने बसवलेला काटा भिंगातून ओळखू येत नसे. मालक त्याला मअल्लम म्हणायचा, म्हणजे उस्ताद. आणि हा पंचविशीतला उस्ताद छाती फुगवून बाजारातून फिरायचा.

मग एक दिवस त्याच्या हातात एक ट्रायलोबाइट आला. अंगाच्या तीन पट्ट्या, आडव्या कड्या, पाठीवरून बघावं तर ओल्या दगडाखालच्या, शिवलं की गोळी होणाऱ्या किड्यासारखा, पण मोठा. डोक्यापासून निघून मधल्या पट्टीवरून खाली जाणारी काळसर रेघ होती. बासूला वाटलं, घाण आहे. घाण काढायची हे तर शिकवलेलंच. त्याने सुई घेतली आणि पाऊण दिवस घालवून ती रेघ अशी साफ केली की मालक खूश झाला. पुढच्या आठवड्यात एक म्हातारे प्राध्यापक दुकानात आले. त्यांनी तो दगड उचलला, मधोमधचा पांढरा ओरखडा बघितला आणि मटकन खाली बसले.

"हे कुणी केलं?"

"मी," बासू मोठ्या ऐटीत म्हणाला.

"बाळा, ते त्याचं आतडं होतं. त्यात त्याचं शेवटचं जेवण होतं. त्याने काय खाल्लं होतं ते कळलं असतं. तू खरवडून टाकलंस."

ते ओरडले नाहीत हेच वाईट झालं. ओरडले असते तर बासूने उलट उत्तर दिलं असतं आणि विसरून गेला असता. त्याने दुसऱ्या दिवशी काम सोडलं आणि गावी आला. तेव्हापासून त्याचे दोन नियम. जे कळत नाही ते खरवडायचं नाही, आणि जे नाही ते बसवायचं नाही. दगड मोडला तर सांधायचा, पण सांधा उघडा ठेवायचा, चहाचं पाणी लावायचं नाही. पाय नसेल तर नसू दे! म्हणून लंगडे किडे. आणि म्हणून त्याच्या घरावरचं छप्पर अजून मातीचं, हेही खरं.

"अरे हद्दूच्या लेका," त्याची बायको इत्तो सुरुवातीला म्हणायची, "त्या मेलेल्या किड्याला एक पाय जास्त दिलास तर तो काय तुझ्या अंगावर धावून येणार आहे?"

"तो नाही येणार. पण मला माहीत असेल ना."

"तुला माहीत असून कुणाचं पोट भरतंय?" असं म्हणून ती पीठ चाळायला बसायची. पण चार बायकांत कुणी बासूला हसलं, तर हीच इत्तो तिच्या झिंज्या उपटायला कमी करायची नाही.

सात हिवाळ्यांपूर्वी बासूच्या खड्ड्यात तो मोठा दगड निघाला. भाकरीच्या परातीच्या दुप्पट, जड, गोल. कडेला फट गेली होती आणि फटीत तांबूस रंग दिसत होता. त्याने तो खेचरावर घालून घरी आणला आणि दारात उतरवताना तो निसटला, दोन तुकडे झाले. बासूच्या तोंडचं पाणी पळालं. अशा वेळी आमच्याकडे एकच रीत. कडा ठिसूळ असतात, वारा लागला की झडतात, म्हणून आधी गोंद, मग बाकी सगळं. त्याने तिथल्या तिथे दोन्ही तुकडे जुळवून चिकटवले. मग दोन वर्षं, हो, दोन वर्षं तो सुईने त्या दगडावर बसला. एका तुकड्यात लांबोळकं, मोठं डोकं निघालं. दुसऱ्या तुकड्यात निघाला एक हात, म्हणजे डोक्याखालचा, खाण्याचा अवयव. आणि त्या हाताला एकाशेजारी एक बारीक, लांब दाते. फणीला असतात तसे. एकोणीस.

दुकानदार झायद धावत आला. झायद बासूचा चुलतभाऊ. माणूस वाईट नाही, पण त्याच्या दुकानातला एकही विंचू जन्माला आला तसा राहिलेला नाही.

"दाद्दा, सोनं आहे हे! फक्त फणी कोण घेणार? त्याला नांगी दे, नख्या दे. राक्षस पाहिजे लोकांना, राक्षस!"

"याला नख्या नव्हत्या."

"तुला काय सांगून गेला होता?"

इत्तो हात पुसत बाहेर आली. तिने दगडाकडे बघितलं आणि म्हणाली, "हे चावणारं नाहीच मुळी. ही चाळण आहे. पाणी आत घ्यायचं, चाळून सोडायचं, आणि अडकलं ते खायचं. रोज चाळते मी, मला नको सांगू."

बासूने दात्यांमधल्या फटी पुन्हा निरखल्या. बाई बरोबर बोलत होती. दगड विकला नाही. कोपऱ्यात, घोंगडीखाली ठेवला.

दोन वसंतांपूर्वी डॉक्टर नजात आल्या. किनाऱ्याकडच्या विद्यापीठातल्या, पण आई आमच्याच डोंगरातली, त्यामुळे आमची बोली पाण्यासारखी बोलणाऱ्या. चहा पिता पिता त्यांनी ट्रायलोबाइट कसा खायचा ते सांगितलं. तोंड पोटाखाली आणि तेही मागे वळलेलं. पायांच्या मुळाशी, म्हणजे मांड्यांशी, काटेरी दातरे. दोन्हीकडच्या मांड्या एकमेकींवर घासून अन्न चुरडायचं आणि तसंच पायापायांनी पुढे ढकलत तोंडाकडे न्यायचं.

"म्हणजे चालता चालता चावायचं?" इत्तोने विचारलं.

"जवळजवळ तसंच."

"माझी सासू!" इत्तो म्हणाली, आणि नजातला चहाचा ठसका लागला.

मग बासूने घोंगडी बाजूला केली. नजात गुडघ्यांवर बसल्या आणि दात्यांना नाक लागेल इतक्या खाली वाकल्या. अशा गाळून खाणाऱ्यांच्या फण्या सुट्या सापडल्या होत्या, त्यांनी सांगितलं. डोकी सुटी सापडली होती. पण कुठल्या डोक्याला कुठली फणी हे सांगणारा दगड त्यांनी पाहिला नव्हता. एका डोक्याला लागलेली फणी मिळाली, तर त्या प्राण्याचं सगळं जगणं कळतं.

"बासूकाका, हा दगड संग्रहालयात गेला पाहिजे. मी लिहिणार यावर. पण आधी एकाला दाखवावा लागेल. तो हो म्हणाला की सगळे मानतील."

तो म्हणजे हेन्रिक, या किड्यांतला मोठा जाणकार. उत्तरेकडचा, ताडासारखा उंच, उन्हाने लालबुंद झालेला. फ्रेंच बोलायचा, नजात आमच्या बोलीत सांगायच्या. यायला त्याला दोन वर्षं लागली; यंदा एका शुक्रवारी सकाळी आला. बासूने दाढी केली होती आणि पांढरा पायघोळ जेल्लाबा घातला होता, जो तो ईदलाच घालतो. दगड अंगणात एका जुन्या दारावर ठेवला होता. झायद बोलावलं नसताना हजर होता.

हेन्रिकने भिंग काढलं. डोक्यावरून भिंग सरकत सांध्यावर आलं आणि थांबलं. त्याने सांध्यावरून बोट फिरवलं. मग भिंग खिशात ठेवलं आणि एक पाऊल मागे सरकला. ते एक पाऊल बासूने बघितलं. नजातने काही सांगायची गरजच नव्हती.

"काय म्हणतात?"

नजातचा चेहरा पडला होता. "म्हणतात, गोंद आहे. डोकं एका दगडातलं, फणी दुसऱ्या दगडातली, असं असू शकतं. काका, रागावू नका. यांनी मागे एकदा या भागातल्या दगडावर मोठा लेख लिहिला होता आणि तो तीन प्राणी जोडून केलेला निघाला. लोक वर्षभर हसत होते त्यांना."

"अहो, जोडतात सगळेच, त्यात काय एवढं!" झायद मदतीला धावला. "आमच्याकडे न जोडलेला किडा दाखवा, मी दुकान बंद करतो!"

"झायद," इत्तो म्हणाली, "तू तोंड बंद कर, दुकान राहू दे."

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं बासूने एक काटा स्वतःचा घातला नव्हता. लोकांनी टिंगल केली, पोरींची लग्नं त्याने कर्जबाजारी न होता पण चिमटीत मीठ मोजत केली, आणि आज हा परका माणूस त्याच्याच अंगणात उभा राहून त्याला झायदच्या रांगेत बसवत होता. आणि त्याचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं, कारण गोंद होताच. डोक्याच्या बाजूला फणी दगडाच्या आत शिरत होती, वरून दिसत नव्हती. वरचा थर काढला असता तर दिसली असती, पण त्या थरातच डोळा होता. म्हणून बासूने तो तसाच ठेवला होता.

"त्यांना सांगा, उघडतो," बासू म्हणाला.

"काय उघडता?"

"सांधा. गोंद काढतो. एकच दगड असेल तर मोडलेल्या कडेवर फणीचे दाते आडवे कापलेले दिसतील. टिपक्यांसारखे. फणीच्या बाजूला एकोणीस आहेत, ते मला माहीत आहे. डोक्याच्या बाजूलाही दिसले पाहिजेत. तेवढ्याच अंतरावर."

"काका, गोंदाबरोबर कडा आली तर? सात वर्षांचा गोंद आहे. सगळं जाईल!"

"जाईल तर माझं जाईल."

इत्तोने त्याच्याकडे बघितलं. तिला वाटलं नको म्हणावं. पण त्याचं तोंड बघून ती आत गेली आणि जुन्या पांढऱ्या चादरीच्या चिंध्या घेऊन आली.

बासूने गोंद विरघळवण्याच्या औषधात चिंध्या भिजवून सांध्यावर एकामागून एक ठेवल्या, वर प्लास्टिक दाबलं. मग वाट बघणं. इत्तोने तीनदा चहा केला. हेन्रिक तिन्ही वेळा प्यायला आणि दर वेळी दगडाकडे न बघता बासूच्या हातांकडे बघत राहिला. मशिदीत नमाज झाला, बासूने अंगणातच पढला. तिसरी चिंधी बदलल्यावर त्याने दोन्ही तळवे दगडाखाली घातले, डोळे मिटले आणि हलकेच ओढलं. सांधा सुटला. कडा शाबूत होती. नजातने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

बासूने मऊ कुंचल्याने दोन्ही बाजू पुसल्या. हेन्रिक भिंग घेऊन डोक्याच्या बाजूला वाकला. वाकला तो वाकलेलाच. शेवटी मान हलवली.

"म्हणतात, सगळीकडे गंजाचे टिपके आहेत," नजात म्हणाल्या. "कुठला दात्याचा आणि कुठला नुसता गंज, त्यांना ओळखता येत नाही. तुम्ही दाखवा म्हणतात. तुम्ही दाखवाल तिथे ते खूण करतील."

आता बघा काय गंमत झाली. ज्याला खोटा ठरवायला आला होता, त्याच्याच डोळ्यांवर पाहुण्याला विसंबावं लागत होतं. गंजाचे टिपके शंभर. बासूने कुठल्याही टिपक्यावर सुई ठेवली असती तरी अंगणात खोटं म्हणणारा कुणी नव्हता.

बासूला लिहिता येत नाही. तो खजुराच्या बिया मोजतो. त्याने बियांची वाटी शेजारी घेतली, सुई घेतली आणि उन्हाला पाठ करून बसला. दात्याच्या टिपक्याला कड असते, गंजाचा टिपका पसरट असतो. चाळीस वर्षांनी त्याला ते नुसतं बघून कळत होतं. एक टिपका, एक बी. हेन्रिक त्याच्या सुईमागून बारीक पेन्सिलीने खूण करत होता. दहा. चौदा. सतरा. अठरा.

आणि संपले.

बासू पुन्हा पहिल्यापासून गेला. अठरा.

झायद त्याच्या मागे येऊन उभा होता. तो आमच्या बोलीत, ओठ न हलवता पुटपुटला, "दाद्दा, एकोणीस कर. शेवटी टिपका आहे बघ, त्याच्यावर सुई ठेव. एक टिपका! कोण मोजतंय?"

बासूची सुई हवेत होती. खरंच टिपका होता तिथे. पसरट, गंजाचा. सुई ठेवली की झालं. दगड संग्रहालयात गेला असता, नजात खूश, इत्तो खूश, आणि हा लाल तोंडाचा माणूस मान खाली घालून परत गेला असता. इत्तो दारात उभी होती. तिने झायदचं बोलणं ऐकलं होतं. ती काहीच बोलली नाही, आणि इत्तो काहीच बोलत नाही असं वर्षातून एखाद वेळेस होतं.

बासूने सुई खाली ठेवली.

"अठरा," तो म्हणाला.

झायदने कपाळावर हात मारला. नजात खाली बघू लागल्या. हेन्रिक सरळ उभा राहिला आणि त्याने नजातना काही तरी विचारलं.

"विचारतात, तो माणूस आत्ता काय म्हणाला?"

नजातने एकदा झायदकडे बघितलं. मग फ्रेंचमध्ये खरं तेच सांगितलं. झायद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हेन्रिक बासूसमोर उकिडवा बसला. एवढा उंच माणूस, गुडघे कानांपर्यंत आले होते.

"विचारतात, एकोणीस हवेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"ती फणी मी साफ केलीय. मला नसेल माहीत तर कुणाला असेल?"

"मग अठरा का म्हणालात?"

"अठराच आहेत म्हणून!" बासू तडकला. "दगडात जेवढे आहेत तेवढे सांगितले. आता तुमच्या साहेबांना काय मानायचं ते मानू दे."

नजातने हे साहेबांच्या तोंडावर जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. हेन्रिकने वहीतून कागदाची एक पट्टी फाडली, फणीच्या बाजूच्या एकोणीस दात्यांना लावून तिच्यावर एकोणीस रेघा ओढल्या, आणि ती पट्टी डोक्याच्या बाजूला, आपण केलेल्या खुणांवर ठेवली. पहिली रेघ पहिल्या खुणेवर. दुसरी दुसरीवर. अकरा अशा बसल्या की वाटावं कागद आणि दगड एकाच हाताने आखले. बारावी रेघ मोकळी. तिच्याखाली कडेचा एक मसुराएवढा टवका उडालेला होता. आणि तेराव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत पुन्हा सगळ्या रेघा सात खुणांवर.

हेन्रिक हसला. पहिल्यांदाच. मग बरंच बोलला, भराभर, आणि नजात रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाही कळत नव्हतं.

"एकच दगड! म्हणतात, एकच प्राणी! डोकं आणि फणी एकाचंच! म्हणतात, तुम्ही एकोणीस म्हणाला असतात तर शेवटच्या खुणेला पट्टीवर रेघच मिळाली नसती, आणि त्यांनी मग बाकीच्या अठरांवरही विश्वास ठेवला नसता."

इत्तोने जीभ आणि टाळूने असा जोरात आनंदाचा युयू काढला की शेजारच्या अंगणातल्या बायका लग्न आहे समजून धावल्या. झायदही आला आणि बासूच्या गळ्यात पडला. "मी म्हणत नव्हतो? मी म्हणत नव्हतो?" तो सगळ्यांना सांगत सुटला. काय म्हणत होता ते कुणी विचारलं नाही.

हेन्रिक वही मांडीवर घेऊन लिहायला बसला. डोकं, लांबी, फणी, दात्यांमधलं अंतर. प्रत्येक ओळ नजात बासूला सांगत होत्या आणि बासू मान हलवत होता. एका ओळीवर पेन थांबलं.

"बारावा दाता," नजात म्हणाल्या. "ते लिहिताहेत, 'काळाच्या ओघात झिजून गेला.' नेहमी तसंच लिहितात. चालेल ना?"

"नाही."

"का?"

"झिजला नाही तो. कोट्यवधी वर्षं झिजला नाही, माझ्या दारात खेचरावरून उतरवताना पडला. टवका उडालेला मी बघितला होता, त्यात दाता होता हे आज कळलं. तीन दिवस अंगणातली माती चाळली, इत्तोची चाळण घेऊन. मिळाला नाही." बासू ताठ बसला. "त्यांना सांगा, असं लिहा. बारावा दाता होता. तो बासू उ-हद्दूच्या हातून हरवला."

नजातने सांगितलं. हेन्रिकने आधीची ओळ खोडली. मग वर बघून हळूच विचारलं, नाव नीट कसं लिहायचं, पुन्हा एकदा सांगता का?

बासूने सांगितलं. सावकाश, बापाच्या नावासकट.